सावळीराम कंडक्टरचा क्यूआर

इंदिरानगरात जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या रस्त्याला सावळीरामचं झेरॉक्सचं दुकान आहे. गाळा लहान, पाटी मोठी: समता झेरॉक्स अँड स्टेशनरी. एकतीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर हातात जे आलं त्यातून हा गाळा घेतला आणि नांदगाव सोडून बायकोला घेऊन नाशकात आला.

कंडक्टरकीत त्याचं नाव होतं. अचानक तपासणीवाले गाडीत चढले की भल्याभल्यांना घाम फुटायचा. सावळीराम मात्र तिकिटांची पेटी उघडून पुढं करायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. एका रुपयाचा फरक कधी निघाला नाही. ही गोष्ट तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा सांगायचा. त्याची बायको आक्काबाई मग आत कात्र्या-गोंदाची खोकी उगाचच इकडची तिकडं करायची, कारण तिनं ती शंभरदा ऐकली होती. पण खोटी नव्हती. कॉलनीतल्या विहाराच्या कमिटीवर त्याला घेतलं तेही याच नावामुळं.

झेरॉक्सवाल्याला लोकांचं नको तेवढं कळतं. कुणाच्या रक्तात साखर किती, कोण भावावर कोर्टात गेलाय, कुणाचं कर्ज नामंजूर झालं. कागद काचेवर ठेवताना डोळे मिटता येत नाहीत. सावळीराम तोंड मात्र मिटून असायचा.

वेदिका पहिल्यांदा आली ती घटस्फोटाच्या निकालाच्या प्रती काढायला. चौतिशीची बाई, खांद्याला साधी पर्स, कपाळाला आठ्या. दुकानात पाचसहा जण उभे होते. सावळीराम मशीनमधून निघालेला एकेक कागद उचलायचा आणि पालथा घालून ठेवायचा. शेवटी सगळा गठ्ठा पाकिटात घालून त्यानं तिच्या हातात दिला. तिनं ते पाहिलं. "थँक्यू काका," एवढंच म्हणाली. नंतर ती भाडेकरार घेऊन आली, मग आधारकार्ड. मागच्या गल्लीतल्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते म्हणायची.

एक दिवस दुकानात कोणी नाही असं बघून तिनं विषय काढला.

"काका, माझ्या गिऱ्हाइकांनी तुमच्या क्यूआरवर पैसे टाकले तर चालतील? तुम्ही मला कॅश द्यायची. शंभरामागे पाच रुपये तुमचे."

"तुमचा फोन बिघडला का ताई?"

"फोन चांगला आहे. पण माझ्या नंबरावर पैसे घेतले की समोरच्याला माझं पूर्ण नाव दिसतं. नाव कळलं की माणूस फेसबुकवर शोधतो, नातेवाईक शोधतो, नको तेव्हा फोन करतो. तुमच्यावर टाकले तर 'समता झेरॉक्स' दिसेल. बस."

"पार्लरवालीला एवढं जपावं लागतं?"

"एकट्या बाईला लागतं," ती म्हणाली.

सावळीराम आधी नाही म्हणाला, मग पाच टक्के कशाला म्हणाला, आणि मग "बरं, तुम्ही म्हणताच तर" असं म्हणाला. एका दमात तो एवढा घसरला हे त्याच्या लक्षात आलं नाही.

गल्ल्याशेजारी पैसे आल्याचं सांगणारं ते बोलकं खोकं होतं. दिवसभर ते दोन रुपये, पाच रुपये, बारा रुपये म्हणत बसायचं. आता मध्येच खणखणीत आवाजात "दोन हजार रुपये प्राप्त झाले" म्हणू लागलं. एकदा समोर दत्तू मास्तर उभे होते. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, विहाराच्या कमिटीचे सचिव. त्यांची एका कागदाची झेरॉक्स चालली होती. ते हसून म्हणाले, "सावळीराम, काय नोटा छापतोस काय आत?" सावळीरामही हसला, आणि मास्तर गेल्यावर त्यानं खोक्याचा आवाज अगदी बारीक केला. आक्काबाईला त्यानं सांगितलं की एका मोठ्या क्लासच्या नोट्स छापायचं काम मिळालंय. पुढं त्या पैशातून लॅमिनेशनचं मशीन आलं. घरात फ्रीज आला. आक्काबाईनं फ्रीजवर घालायला स्वतः कापड शिवलं.

पैशांसोबत कधीकधी चार शब्दही यायचे. कोणी 'थँक्स' लिहायचं, कोणी बदामाचं चिन्ह टाकायचं. सावळीराम ते वाचत नव्हता असं नाही. वाचून सोडून द्यायचा. एका सकाळी मात्र असं काही आलं की पार्लर, ब्यूटी, काही म्हणून त्यात बसेना. पाठवणाऱ्यानं निर्लज्जपणे साफ लिहिलं होतं, किती वेळाचे आणि कशाचे.

दुपारी वेदिका आली तेव्हा सावळीरामनं तिच्याकडं न बघता पाकीट पुढं केलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ती स्टुलावर बसली.

"कोणीतरी काहीतरी लिहिलं, ना? मी सगळ्यांना सांगते काही लिहू नका म्हणून. काका, तुम्हाला कळलंय तर सरळ सांगते. मी एस्कॉर्टचं काम करते. कोणी ढकललेलं नाही, माझ्या डोक्यावर कोणी बसलेलं नाही. घरी कोणाला आणत नाही, चांगल्या हॉटेलात जाते. आधी थोडे पैसे मागून घेते, कारण जो आधी पाठवतो तो नीट वागतो. नुसती फुकट चौकशी करणारे तिथंच गळतात. बाकीचे हातात, रोख."

सावळीराम ऐकत होता. हातानं काउंटरवरचे कागद सारखे करत होता.

"सगळं करून बघितलंय," ती पुढं म्हणाली. "माझ्या खात्यावर घेतले, तर एकानं नावावरून माझ्या बहिणीला शोधलं. एक जण गिफ्ट कार्डाचे नंबर पाठवायचा, ते रद्द झालेले निघायचे. मोबाईल वॉलेटची ॲपं वापरली, तिथंही आधार लावलं की नाव दिसतंच. एजंटकडं गेले असते, तर तो अर्धे खाऊन वर मालक झाला असता. तुमच्याकडं दुकानाचं नाव दिसतं आणि तुमचं तोंड बंद असतं, म्हणून तुम्हाला विचारलं. आधी खरं सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. नको असेल तर आजपासून बंद. मला राग येणार नाही."

एवढं स्वच्छ बोलल्यावर सावळीरामला दोनच रस्ते होते. हो म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं. त्यानं तिसरंच केलं.

"मला काय करायचंय तुमचं? मी काही बघितलं नाय," तो म्हणाला. मग गल्ला उघडझाप करत, खालच्या आवाजात, "फक्त आता पाचात जमायचं नाय. जोखीम वाढली ना. दहा करा."

वेदिकानं पाकीट पर्समध्ये टाकलं. "दहा," ती म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून सावळीराम तिला "या ताई" म्हणेनासा झाला. पैसे द्यायचा, पण पाकीट काउंटरवर सरकवून द्यायचा. दुकानात दुसरं कोणी असलं तर तिला थांबवून ठेवायचा. एप्रिलच्या एका रखरखीत दुपारी तिनं पाणी मागितलं. माठावर स्टीलचा पेला पालथा होता, आल्यागेल्याला त्यातूनच पाणी मिळायचं. सावळीरामचा हात पेल्याकडं गेला, थांबला, आणि खालच्या फळीवरच्या कागदी कपाकडं वळला. ती कपातलं पाणी प्यायली आणि तिनं कप स्वतःच चुरगाळून टोपलीत टाकला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना सावळीरामला एकाएकी तो कागदी कप आठवला. त्याच्या वडलांना गावच्या पाणवठ्यावर लांब उभं करून वरून ओंजळीत पाणी सोडायचे. वडलांनी हे त्याला चिडून नाही, सहज सांगितलं होतं, पावसापाण्याबद्दल सांगावं तसं. त्या बापाच्या पोरानं शहरात दुकान टाकलं, पाटीवर समता लिहिलं आणि एका बाईसाठी कप वेगळा काढला. बाकीचे लोक पुढच्या शीलावर गेले. सावळीरामचे नुसते ओठ हलत राहिले. पण पेला काही त्यानं नंतरही पुढं केला नाही. आठवण आली, घाम आला, आणि वाळलाही.

तो माणूस आला पावसाळ्याच्या शेवटी, दुपारी चारच्या सुमारास. पस्तिशीचा असावा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसल्याशा कंपनीचं ओळखपत्र. दुकानात दत्तू मास्तर बसले होते, कमिटीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढायला आलेले. आक्काबाई घरी होती.

माणसानं आधी गोड बोलून लायसनची एक प्रत काढून घेतली. मग फोन पुढं केला.

"समता झेरॉक्स तुमचंच ना? मी तुम्हाला तीनदा पैसे पाठवलेत. हे बघा. नकाशावर नाव टाकलं तर दुकान सापडलं. आता मला सांगा, ती कुठं राहते?"

"कोण ती?"

"नाव खरं सांगत नाही, म्हणून तर तुम्हाला विचारतोय. तीनदा भेटली, नीट बोलली. मी तिच्यासाठी काय काय आणलं. आता नंबर बंद केलाय. माझं काय चुकलं तेवढं तिनं समोर येऊन सांगावं."

"मला ठाऊक नाय भाऊ. इथं लय लोक पैसे टाकतात."

माणसाचा आवाज चढला. "हजार हजार रुपयांच्या झेरॉक्स काढतात का इथं? तुम्ही तिचे कोण? दलाल आहात का?"

दत्तू मास्तरांनी पावत्यांवरून मान वर केली.

आयुष्यात त्याला लोक कंडक्टर म्हणाले, साहेब म्हणाले, भांडणात आईबहिणीवरून बोलले. हा शब्द कधी कोणी लावला नव्हता. त्या घटकेला त्याला एकच हवं होतं, या माणसानं दुकानातून जावं आणि तो शब्द पुन्हा उच्चारू नये. त्यानं हात वर केला आणि बोट दाखवलं.

"मागच्या गल्लीत. पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला. जा बाबा आता."

माणूस गेला. मास्तरांनी विचारलं, "काय भानगड?" सावळीराम म्हणाला, "काय नाय, कुणाचा तरी पार्लरचा हिशोब हाय." आणि राहिलेल्या पावत्या काचेवर ठेवू लागला.

फोन समोरच पडला होता. वेदिकाचा नंबर त्यात होता. 'कोणीतरी येतंय, दार उघडू नका' एवढं सांगायला दोन सेकंद लागले असते. पण 'त्याला कसं कळलं' असं तिनं विचारलं असतं, तर काय सांगायचं? सावळीरामनं पावत्यांच्या पुढच्या बाजू काढल्या, मग मागच्या काढल्या, टाचण्या मारल्या, मास्तरांना हिशेब सांगितला. फोन केला नाही.

संध्याकाळी आक्काबाई बातमी घेऊन आली. "मागल्या गल्लीत लय राडा झाला म्हणं. कुणीतरी माणूस त्या वेदिकाबाईचं दार बडवत व्हता. वाचमननं हाकलला तर खाली उभं राहून वरडला, सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं. बिचारी आतच कोंडून बसली. अन् लोक तिलाच नावं ठेवायलेत."

"असंल," सावळीराम म्हणाला. "आपल्याला काय करायचं."

माणूस दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. घरमालकानं वेदिकाला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत.

"काका, तो माणूस इथं आला होता का?"

"नाय," सावळीराम म्हणाला.

"मग त्याला बिल्डिंग कशी कळली?"

"आता मोबाईलवर सगळंच कळतं. मला काय ठाऊक?"

"बरं. मला तक्रार करायची आहे. त्यानं मला सांगितलेलं नाव खोटं आहे, सिमही कुणाचं तरी आहे. पण पैसे पाठवताना त्याचं बँकेतलं खरं नाव तुमच्याकडं आलंय. तुमच्या फोनमध्ये तारखेसकट असेल. तेवढं दाखवाल?"

सावळीरामला ते नाव पाठ झालं होतं. चार दिवसांत त्यानं ते वीस वेळा उघडून पाहिलं होतं, पूर्ण नाव, आडनावासकट.

"जुनं सगळं उडालं फोनमधलं," तो म्हणाला. "आणि हे बघा, माझं नाव कुठं घेऊ नका. मी कमिटीवर हाय. मला इज्जत हाय."

वेदिका काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

महिना संपायच्या आतच तिनं खोली सोडली. सकाळचे अकरा वाजले होते. तिचं सामान भरलेला छोटा टेम्पो गल्लीतून निघून दुकानासमोर वळला आणि तिथंच तो माणूस मोटारसायकल आडवी घालून उभा राहिला. वेदिका ड्रायव्हरशेजारी बसली होती. त्यानं तिच्या बाजूचं दार ओढून उघडलं आणि तिचा दंड धरला. "कुठं चाललीस ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही," असं काहीतरी तो बोलत होता. ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवत राहिला. रस्त्यावर माणसं थांबली. फोन वर झाले.

सावळीराम काउंटरच्या मागं होता. तो तिथून हलला नाही.

आक्काबाई मात्र हातातली खोकी टाकून बाहेर धावली. पदर खोचलेली पंचावन्न वर्षांची बाई, उंची जेमतेम त्या माणसाच्या खांद्याएवढी. तिनं त्याच्या मनगटावर जोरात हात मारला. "सोड! सोड तिला! भरदिवसा बाईमाणसाच्या अंगाला हात लावतो? तुझ्या घरी कुणी हाय का नाय?"

माणूस चपापला. हात सुटला. पण तोंड सुटलं. "मला काय बोलता? तुमच्याच नवऱ्यानं पत्ता दिला मला! बोट दाखवून दिला. विचारा त्यांना. हिचे पैसे कोणाच्या खात्यात यायचे तेही विचारा!"

सगळा रस्ता दुकानाकडं वळून बघू लागला. आक्काबाईनं बघितलं. वेदिकानंही बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर शिक्का बसावा तशी तिची नजर होती. तिनं टेम्पोचं दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला चला म्हणाली. दोघातिघांनी आता त्या माणसाची मोटारसायकल बाजूला ढकलली. तो शिव्या देत निघून गेला.

आक्काबाई आत आली. तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसली. "सांगा," म्हणाली.

सावळीरामनं सांगितलं. आधी थोडं सांगितलं, मग ती काहीच बोलत नाही म्हणून सगळं सांगितलं. क्लासच्या नोट्स खोट्या होत्या ते. पाचाचे दहा केले ते. बोट दाखवलं ते, फोन केला नाही ते, नाव असून नाही म्हणाला ते. कागदी कपाचं सगळ्यात शेवटी सांगितलं. तेवढंच एक त्याला कोणी कधी विचारलं नसतं.

आक्काबाईनं खोचलेला पदर सोडला.

"तिनं काय करावं, काय नाय, ते तिचं तिला ठाऊक," ती म्हणाली. "पण तिचं पैसं खाताना तुम्हाला लाज वाटली नाय, अन् तिच्या बाजूनं दोन शब्द बोलताना वाटली? अहो, मी त्या फ्रीजमंदलं पाणी पाहुण्यारावळ्यांना पाजलं. माझ्या नवऱ्याच्या मेहनतीचा हाय म्हणून सांगितलं." मग ती उठली. "चपला घाला."

"कुठं?"

"पोलिसात. फोन घ्या बरोबर."

पोलीस ठाण्यात जहिदा शेख म्हणून हवालदार होत्या. वेदिकाची तक्रार त्यांच्याकडंच पडून होती, आरोपीच्या नावापाशी अडलेली. सावळीरामनं फोन काढून तीनही नोंदी दाखवल्या. जहिदाबाईंनी नाव, तारीख, वेळ उतरवून घेतली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तिचे पैसे तुमच्या खात्यात का यायचे?"

दुकानाचं गिऱ्हाईक होती, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं. आक्काबाई शेजारी बसली होती, पण ती त्याच्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

"मी शेकडा दहा घ्यायचो," सावळीराम म्हणाला. "आधी पाच घ्यायचो. ती काय करते ते कळल्यावर दहा केले."

जहिदाबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, समजून बोला. सज्ञान बाई, एकटी, स्वतःच्या मर्जीनं काम करते, म्हणून आम्ही तिला गुन्हेगार धरत नाही. तिच्या कमाईवर दुसरं कोणी जगत असेल, तर कायदा त्याला धरतो. हे जबाबात आलं तर तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. वकिलाला विचारून यायचं तर या."

त्या माणसानं दुकानात उच्चारलेला शब्द आता सरकारी भाषेत समोर येऊन बसला होता.

"जे हाय ते लिहा," तो म्हणाला.

जबाब लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला. 'सदर इसमाने विचारणा केली असता मी हाताने इशारा करून सदर महिलेचे राहते घर दाखविले. त्यानंतर सदर महिलेस फोन करून सावध केले नाही. तिने विचारले असता तो इसम दुकानात आलाच नाही असे मी खोटे सांगितले.' एकतीस वर्षं दुसऱ्यांना तिकिटं फाडून देणाऱ्या हातानं त्याखाली सही केली. अक्षर वाकडं आलं.

दोन दिवसांत माणूस सापडला. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, लग्न झालेला. त्याच्यावर पाठलाग आणि दमदाटीचा गुन्हा नोंदला गेला. जामिनावर सुटला, पण वेदिकाच्या वाटेला पुन्हा गेला नाही. सावळीरामलाही दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्या वेळी जहिदाबाई म्हणाल्या, "तुमच्यावर सध्या काही करत नाहीये. त्या बाईंनी जबाबात लिहून दिलंय की हे दुकानाचं शुल्क होतं, मी स्वतः ठरवलं होतं, यांनी माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही. शेवटी काय ते साहेब ठरवतील."

म्हणजे तिनं त्याला सोडवलं होतं, त्याच्या खोट्या बोलण्यानंतर, सगळं समजल्यावर. सावळीरामला वाटलं होतं, सही केली की छातीवरचं ओझं उतरेल. ते वाढलंच.

ती तिथंच व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, कसल्याशा कागदावर सही करायला आलेली. सावळीराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आक्काबाई मागं थांबली.

"ताई, माझं चुकलं."

"हो," वेदिका म्हणाली. "चुकलं."

सावळीरामनं पिशवीतून पाकीट काढलं. आक्काबाईनं लॅमिनेशनचं मशीन विकायला लावलं होतं, त्याचे आणि आणखी काही. "तुमच्याकडून घेतलेले. सगळे नसतील. जमतील तसे..."

तिनं पाकीट घेतलं आणि न मोजता पर्समध्ये टाकलं. "माझेच आहेत," ती म्हणाली. "काका, मी माफ करायला आलेली नाही. तुम्ही नाव दिलंत म्हणून केस उभी राहिली, तेवढं खरं. पण घर गेलं. बिल्डिंगभर बोभाटा झाला. बहिणीनं फोन घेणं बंद केलंय. ते तुमच्या सहीनं परत येत नाही."

"मग आता तुमचं पैशांचं..." सावळीरामच्या तोंडून निघून गेलं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

ती जरा हसली, पण आनंदानं नव्हे. "आता माझाच क्यूआर आहे. छोट्या व्यवसायाची नोंदणी केली, त्या नावानं चालू खातं काढलं. गिऱ्हाइकाला व्यवसायाचं नाव दिसतं, माझं नाही, आणि ते नाव टाकून नकाशावर काही सापडत नाही. फोन नंबर वेगळा. थोडी कटकट होती, वर्षभर टाळत आले. तुमचं सोपं वाटलं. कागद पालथे ठेवणारा माणूस आहे, असं वाटलं."

आतून तिला हाक आली. आक्काबाई पुढं झाली आणि तिचा हात हातात घेऊन नुसता दाबला. वेदिकानं तो सोडवला नाही. मग ती आत गेली.

घरी जाताना आक्काबाई हायवेखालच्या बोगद्यापर्यंत दहा पावलं पुढं चालत होती. सावळीरामनं तिला गाठायचा प्रयत्न केला नाही. पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. नंतर बोलू लागली, पण तपासणीवाल्यांची गोष्ट तो कोणाला सांगायला लागला की ती आता खोकी हलवत नाही. उठून बाहेर जाऊन उभी राहते. म्हणून त्यानं ती सांगणंच सोडलं.

कमिटीचा राजीनामा त्यानं स्वतः लिहून दिला. कारण लिहिलं नाही, पण कॉलनीत सगळ्यांना ठाऊक झालंच होतं, ज्याच्या त्याच्या परीनं. काही गिऱ्हाइकं तुटली, काही नुसती बघायला म्हणून नव्यानं आली.

महिन्याभरानं दत्तू मास्तर आले. आधारकार्डाची एक प्रत हवी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते सलगीनं पुढं झुकले.

"सावळीराम, राजीनामा मी अजून पुढं पाठवलेला नाही. खिशातच आहे. लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. तू भोळा माणूस. असल्या बाईनं तुला गोवलं, एवढंच. मी सांगतो सगळ्यांना तसं."

सावळीरामनं मशीनचं झाकण लावलं. बाहेर रिक्षा थांबली होती, तिचं इंजिन धडधडत होतं. हो म्हटलं असतं तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं. मास्तर मोठ्या मनानं दार उघडून उभे होते.

"तिनं नाय गोवलं मास्तर," तो म्हणाला. "मला कळलं त्याच दिवशी तिनं विचारलं, बंद करू का म्हणून. मीच रेट वाढवला. तुमच्यादेखत मी त्याला तिचं घर दाखवलं, अन् मग तुमच्या पावत्या काढत बसलो."

मास्तरांनी दोन रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं, आधारकार्ड खिशात घातलं आणि पिशवी सावरत पायऱ्या उतरले. झेरॉक्सची प्रत मशीनच्या तोंडाशी तशीच राहिली. सावळीराम ती घेऊन दारापर्यंत आला, "मास्तर!" म्हणून हाक मारली. मास्तर ऐकू न आल्यासारखे पुढं चालत गेले.